आईचं अनेकवचन

मंगळवार, १२ फेब्रुवारी

ही वही आईनं दिलेली. दर जानेवारीत एक द्यायची. "लिहीत जा, धाकटे. मन हलकं होतं आणि शुद्धलेखनही सुधारतं." बत्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेल्या बाईकडून दुसरी कसली भेट मिळणार? अकरा वह्या कपाटात कोऱ्या पडल्या आहेत. ही बारावी. आज उघडली, कारण संध्याकाळी दुकानातून घरी आल्या आल्या मी मोठ्यानं म्हणाले, "आज एका आजोबांनी उजवं मशीन डाव्या कानात कोंबलं," आणि ऐकायला घरात फक्त फ्रिज होता.

आई गेली त्याला दोन आठवडे होत आले. ब्याऐंशी वर्षांची होती. झोपेत गेली. सगळे म्हणतात, किती छान मरण आलं. मी मान हलवते आणि चहा विचारते.

मी कानाची मशीनं बसवते. माणसाच्या कानात मऊ लगदा भरायचा, पाच मिनिटं थांबायचं, घट्ट झालेला तुकडा अलगद काढायचा, त्यावरून साचा करायचा, तो घासून गुळगुळीत करायचा आणि मशीनला जोडायचा. सव्वीस वर्षं हेच. चेहरे विसरते, कान विसरत नाही. आईच्या उजव्या कानाची वाट आत गेल्यावर थोडी वर वळायची. तिचा साचा मी चार वेळा केला.

आज पाळक येऊन गेले. आईच्या चर्चचे. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असतील, पण माणूस बरा आहे. बुटांच्या नाड्या सोडता सोडताच मुद्द्यावर आले.

"ताई, तीन मार्चला, रविवारी, बाईंसाठी स्मरणाची उपासना ठेवतोय. साक्ष तुम्ही द्या."

"मी अकरा वर्षांत चर्चची पायरी चढले नाही. मी कसली साक्ष देणार?"

"साक्ष म्हणजे प्रवचन नाही हो. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, तेवढं सांगायचं. पाच मिनिटं."

बघते म्हणाले. कानांनी ऐकलं, नेमकं तेच सांगता येण्यासारखं नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

काल एवढं लिहून वही मिटली. पण वहीपासून काय लपवायचं? वाचणारं कोण आहे?

आई रोज पहाटे साडेपाचला प्रार्थना करायची. तिच्या खोलीत, खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर. मशीन रात्री नऊलाच डबीत जायचं, ते सकाळी सातला मी तिच्या कानात घालीपर्यंत डबीतच. "प्रार्थनेला कान लागत नाहीत," म्हणायची. मशीन नसलं की तिला दार आपटल्याखेरीज काही ऐकू यायचं नाही. स्वतःचा आवाजही नाही. तिला वाटायचं मनातल्या मनात चाललंय, आणि इकडे शब्दन् शब्द स्वयंपाकघरात. मधली भिंत म्हणजे नुसती फळी आहे. मी चहा घेऊन फळीला लागून स्टुलावर बसायची आणि ऐकायची. अकरा वर्षं. तिला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती गप्प झाली असती. चोरून ऐकणं म्हणतात ते हेच. पण त्या अर्ध्या तासाइतकं दिवसभरात दुसरं काही मला आवडायचं नाही.

"हे प्रभू, आम्ही तुझ्यापुढे आलो आहोत," अशी सुरुवात. चर्चच्या लोकांना सवयच असते, एकटे बसले तरी आम्ही-आम्ही. मग नावं. आधी दादा. मग वहिनी. मग त्यांची दोन मुलं, एकाचं गणित आणि एकीचा खोकला. मग आत्या. मग बसचा ड्रायव्हर, कारण आई नीट बसेपर्यंत तो गाडी हलवायचा नाही. मग ऑर्गन मावशीचे गुडघे. ही आईची मैत्रीण, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. मग पाळक, आणि पाळकांचं व्याकरण. खरंच, व्याकरण. शेजारणीच्या कुत्र्याचा लंगडा पाय. आणि शेवटी माझ्या दुकानाचे मालक आणि त्यांचा रक्तदाब.

माझ्या मालकांचा रक्तदाब रोज. माझं नाव अकरा वर्षांत एकदाही नाही.

एक दिवसही मी चुकवला नाही, म्हणून खात्रीनं सांगते. मला कधी उठायला सहा वाजले तरी चुकायचं नाही, कारण योगायोगानं त्या दिवशी तिलाही उशीर झालेला असायचा. मी चहाची भांडी आपटत यायची, तिच्या कानात मशीन नाही म्हटल्यावर जपून वागायची गरजच काय, स्टूल ओढून बसायची, आणि मग पलीकडे सुरू व्हायचं. सुरू होण्याआधी नळाच्या पाइपात हवा अडकून बारीक शिट्टी वाजायची, आणि सातच्या सुमाराला पुन्हा एकदा. नळवाल्याला दोनदा बोलावलं. त्याला काही सापडलं नाही.

तर ही माझी साक्ष. पाच मिनिटं पुरतील.

शनिवार, १६ फेब्रुवारी

दादानं साक्षीचा मजकूर लिहून पाठवला. "तू उगाच डोकेफोड करू नकोस, हे वाच." दोन पानं. त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, तेवणारी समई, संस्कारांची शिदोरी. हे वाचून कोणाचीही आई गेली आहे असं वाटेल, फक्त आमची नाही. आमची आई समईसारखी वगैरे नव्हती. वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल पेनानं गोल करायची आणि अंक रद्दीत देण्याआधी एकदा संपादकाला पाठवायची.

फोनवर त्याला तसं म्हटलं.

"मग तूच लिही बाई," तो वैतागला. "तू तिच्याजवळ होतीस. मी काय, वर्षातून पंधरा दिवसांचा पाहुणा."

"तुला दर आठवड्याला पत्र यायचं ना?"

"यायचं. माझ्या आधीच्या पत्रातल्या चुका दुरुस्त करून त्याच पाकिटात परत यायच्या." हसला. हसू मधेच मोडलं.

मला त्याची कीव आली. म्हटलं, "ती तुझ्यासाठी रोज काय मागायची माहीत आहे? तुझा राग आवरावा म्हणून. आणि तू जेवताना फोन बघू नयेस म्हणून."

पलीकडून नुसते श्वास ऐकू आले. दादा रडला की नाक ओढत नाही, तोंडानं श्वास घेतो. लहानपणापासून तसाच आहे.

"अजून?" त्यानं विचारलं. मी अजून सांगितलं. सगळं लक्षात आहे माझ्या. मग त्यानं विचारलं, "आणि तुझ्यासाठी काय मागायची?"

"आवाज तुटतोय," म्हणून मी फोन ठेवला.

रविवार, १७ फेब्रुवारी

रविवार जाता जात नाही. आई चर्चला जायची तेव्हाही मी घरात एकटीच असायची, पण ते साडेबारापर्यंतचं एकटेपण होतं. साडेबाराला जिन्यात तिची काठी वाजायची.

बाबांच्या आजारात चर्चची सगळी मंडळी आमच्या बैठकीच्या खोलीत गुडघे टेकून बसली होती. दीड वर्ष. त्या दीड वर्षात आईनं बाबांना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर दर दोन तासांनी वळवलं. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी चर्चच्या शाळेत मानद मुख्याध्यापिकेची जागा चालून आली होती, ती नको म्हणून कळवलं आणि आम्हाला सांगितलंही नाही. शाळेचं ते बोलावण्याचं पत्र मला परवा तिच्या कपाटात सापडलं. बाबा गेले. दारात उभं राहून लोक म्हणाले, देवाची इच्छा. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी मी उठले नाही. आई तयार होऊन माझ्या दारात आली, एक मिनिट उभी राहिली, आणि एकटी गेली. त्यानंतर अकरा वर्षांत चल म्हणाली नाही, का येत नाहीस म्हणाली नाही. एका शब्दानं नाही.

मला वाटायचं, मला बोल लावत नाही म्हणजे समजून घेतलंय. पुढे पहाटेची यादी ऐकायला लागले आणि कळलं, समजून घेतलेलं नाही, सोडून दिलंय. दोन्हीत बोलणं नसतंच, म्हणून पटकन कळत नाही.

आज हसू आलं ते एका जुन्या आठवणीनं. हे पाळक नवीन आले होते तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांनी मोठ्या भावनेनं प्रार्थना केली, "हे प्रभू, आपण सगळे पापी आहोत." उपासना संपल्यावर आईनं त्यांना दारातच गाठलं. ऑर्गन मावशीनं अभिनयासकट सांगितलेलं आहे.

"पाळकसाहेब, 'आपण' म्हटलं की त्यात समोरचाही आला. प्रभूला कशाला ओढताय आपल्या पापात? आणि मानानं म्हटलेलं 'आपण' धरलं तर एकटा प्रभूच पापी ठरतो. 'आम्ही' म्हणा, आम्ही."

पाळक तेव्हापासून प्रार्थनेत 'आम्ही' आलं की क्षणभर थांबतात आणि आईच्या बाकाकडे बघतात, असं मावशी म्हणते. बघायचे.

घरात अगदी शांत आहे. पाइपची शिट्टीसुद्धा थांबली. इतकी वर्षं वाजून पाइप आपोआप दुरुस्त झाला.

बुधवार, २० फेब्रुवारी

आमच्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. माणूस गेला की घरचे त्याचं मशीन आणून देतात. आम्ही ते स्वच्छ करतो, आतली जुनी नोंद पुसतो आणि गरज असेल त्याला देतो. आज मी आईचं नेलं. मालकांनीच सुचवलं होतं, "ऑर्गन वाजवणाऱ्या बाई शनिवारी येतायत. त्यांना तुमच्या आईचं चालेल. नवा साचा करा, बाकी तेच." मावशीला ऐकू येईनासं झाल्यापासून ती ऑर्गन इतका जोरात वाजवते म्हणे, की काचा हादरतात.

नोंद पुसायला मशीन कॉम्प्युटरला जोडलं. ही मशीनं दिवसाला सरासरी किती तास चालू होती ते स्वतःच मोजून ठेवतात. आईचा हिशेब मला तोंडपाठ. सकाळी सातला मी घालणार, रात्री नऊला ती काढणार. चौदा तास.

पडद्यावर साडेपंधरा.

मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "काढायला विसरत असतील रात्री." पण रात्री नऊला मी स्वतः डबी बंद झालेली बघायची. सेलचं दार उघडं ठेवलंय की नाही, म्हणजे मशीन बंद आहे ना, तेही बघायची. तिथून दीड तास वाढणं शक्य नाही.

नोंद पुसली नाही. मशीन खिशात घालून घरी आणलं.

नऊनंतर नाही म्हणजे सातच्या आधी. सातच्या आधी दीड तास म्हणजे साडेपाच.

म्हणजे तिला स्वतःला घालता येत होतं! मग रोज सातला काय होतं ते? "धाकटे, एवढं घालून दे गं, बोटं चालत नाहीत." मी एक डोळा घड्याळाकडे ठेवून तिचे केस कानामागे करायची, कान किंचित मागे ओढायची, साचा आत सरकवून वर वळवायची. "येतंय का ऐकू?" म्हणायची. ती माझं मनगट धरायची, उगाच थोडा वेळ, आणि म्हणायची, "येतंय." रोज दहा मिनिटं. त्यापायी माझी सव्वासातची बस किती वेळा चुकली. साडेपाचला स्वतः घालायचं, सातच्या आत काढून डबीत ठेवायचं आणि मला हाक मारायची, हा काय प्रकार आहे?

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

पाइप दुरुस्त झाला नव्हता. पाइपाला काही झालंच नव्हतं.

सेल चालू असताना मशीन हातात धरलं की ते शिट्टी मारतं. साडेपाचला घालताना एकदा, सातच्या आधी काढताना एकदा. सव्वीस वर्षं त्या शिट्टीवर पोट भरणारी मी, आणि नळवाल्याला दोनदा बोलावलं! दुकानात कोणाला कळलं तर माझ्याच कानात साचा घालतील.

मग बसून विचार केला आणि हसू गेलं. मशीन घातलेलं असलं तर तिला तिचा आवाज ऐकू येत होता. माझं स्टूल ऐकू येत होतं. मी पलीकडे आहे हे तिला माहीत होतं. मी चोरून ऐकत नव्हते, ती मला ऐकवत होती. आणि माहीत असून रोज ड्रायव्हर घेतला, कुत्रा घेतला, मालक घेतले, आणि मला वगळलं.

इतकी वर्षं निदान एक पळवाट होती, की म्हातारी आहे, विसरत असेल. ती पळवाट गेली. मी कान देऊन बसले आहे हे ठाऊक असताना माझं नाव टाळायचं, याला काय म्हणू? शिक्षाच ना? शाळेत ती कोणावर हात उगारायची नाही. ज्यानं चूक केली त्याला काही दिवस प्रश्नच विचारायची नाही. मुलं म्हणायची, बाईंनी मारलेलं परवडतं.

पाळकांना निरोप पाठवला. साक्ष देणार नाही, दादा देईल, त्याचा मजकूर तयार आहे. त्यांनी उत्तरात फक्त "बरं ताई" लिहिलं. पूर्णविरामही नाही. आईनं लाल गोल केला असता.

शनिवार, २३ फेब्रुवारी

ऑर्गन मावशी अकराला आली. तिच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. उजव्या कानात लगदा भरला आणि खुणेनं सांगितलं, पाच मिनिटं हलायचं नाही, तोंड उघडून-मिटून चालेल. तोंड उघडून चालेल म्हटल्यावर तिला काय, रान मोकळं.

"तू साक्ष देत नाहीस म्हणे," ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली. मी मान हलवली. "का गं? तुझ्याइतकं तिच्या प्रार्थनेत कोण असायचं?"

मी तिच्या डाव्या कानाशी वाकले आणि ओरडले, "मी एकदाही नव्हते, मावशी! अकरा वर्षं ऐकलंय मी. सगळ्यांची नावं, माझं नाही!" बाहेर बसलेले दोघे वळून बघायला लागले. ऐकू न येणारी माणसं, पण एवढं त्यांनाही ऐकू गेलं.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सुरुवात कशी करायची ती?"

"आम्ही तुझ्यापुढे आलो आहोत."

"आम्ही? नक्की? मी नाही?"

"आम्ही. रोज."

"अगं वेडे." मावशीनं माझा हात धरला. लगदा हलेल म्हणून मी तिला दटावणार होते, पण ती बोलतच होती. "माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती दुपारी यायची प्रार्थनेला. मला गोळ्यांची गुंगी. एकदा 'हे प्रभू, आम्ही' म्हणाली आणि थांबली. मला गदागदा हलवलं. 'जागी आहेस का गं? नसलीस तर मला "मी" म्हणायला लागेल.' मी म्हटलं, बाई, देवाला कळतंय की कोण जागं आहे ते. तर म्हणते कशी, 'एकटीनं आम्ही म्हणायचं म्हणजे खोटी हजेरी लावायची. शाळेत कधी लावली नाही, इथं कशी लावू?'"

मी घड्याळाकडे बघायचं विसरले.

"आणि हजर असलेल्या पोराचं नाव घेऊन देवाला सांगायचं कशाला? नावं गैरहजर असतील त्यांची घ्यायची." मावशी हे अगदी सहज म्हणाली आणि तिनं विचारलं, "झाली का गं पाच मिनिटं?"

नऊ झाली होती. साचा काढताना जरा जोर लावावा लागला. मावशी ओरडली. मी तिची माफी मागितली, दोनदा.

आज याहून जास्त लिहवत नाही.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

आज पहाटे एक प्रयोग केला. गॅसवर चहा ठेवला, आईच्या खोलीत जाऊन तिच्या खुर्चीवर बसले आणि तिचं मशीन कानाशी धरलं. शिट्टी वाजली. मग चहाच्या भांड्यावरचं झाकण थडथडताना ऐकू आलं. अगदी स्वच्छ, शेजारी असल्यासारखं. स्टूल ओढलं असतं तर फळीला कान लावायचीही गरज पडली नसती.

मला उशीर व्हायचा त्या दिवशी तिलाही का व्हायचा, ते आता लिहीत बसत नाही. वाट बघत बसायची. उठून मला हाक मारली नाही. चल म्हणाली नाही. नुसती बसून राहायची, हजेरी लागेपर्यंत.

पण माझं हे असंच काम आहे ना, म्हणून शंका सुटत नाही. चाचणी घेताना मी माणसाला सांगते, बारीक आवाज आला की बटण दाबा. मधेच मी काहीच वाजवत नाही. नुसती शांतता. तरी काही जण बटण दाबतात. खोटं बोलत नसतात बिचारे. ऐकू यावं असं इतकं वाटत असतं की ऐकू येतं. मी तशी दाबत नसेन कशावरून? तिला विचारण्याची सोय नाही. अकरा वर्षं होती, तेव्हा विचारलं नाही.

आई, एकदा विचारायला हवं होतं गं. तू तरी एकदा बोलायला हवं होतंस. दोघी फळीच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

दुकानात जाऊन नोंद पुसली. त्याआधी आकडा इथं लिहून ठेवते : साडेपंधरा.

संध्याकाळी पाळकांना फोन केला. म्हटलं, साक्ष देते. ते म्हणाले, "फार बरं झालं." मग चाचरत, "ताई, तुमच्या दादांचा मजकूर मी वाचला. छानच आहे. पण त्यात बाई काही सापडल्या नाहीत."

रविवार, ३ मार्च

दादा काल आला. आज दोघं गेलो. पायऱ्या सात आहेत. मला नऊ आठवत होत्या.

चर्च भरलेलं होतं. आईच्या बाकावर तिची जागा कोणी घेतली नव्हती, तर पाळकांनी मला तिथंच बसवलं. ऑर्गन मावशीनं आज बेतानं वाजवलं. मधेच तिनं माझ्याकडे बघून कानाला हात लावला.

मी उभी राहिले. कागद आणला नव्हता. म्हटलं, "मला प्रार्थना येत नाही. माझा विश्वास आहे की नाही हेही मला माहीत नाही. पाळक म्हणाले, ऐकलं ते सांगा, म्हणून सांगते." आणि यादी म्हटली. तिच्या क्रमानं, ज्याच्यासाठी जे मागायची त्यासकट. दादाचा राग म्हटल्यावर दादानं मान खाली घातली. "बसचे ड्रायव्हर, त्यांच्या पाठीचं दुखणं," म्हटल्यावर मागच्या बाकावरून एक दणकट माणूस उठून उभा राहिला, गणवेशात, आणि काय करावं न सुचून तसाच उभा राहिला. पाळकांचं व्याकरण आलं तेव्हा सगळी मंडळी हसली. पाळक सर्वांत जास्त हसले आणि त्यांनीच आधी डोळे पुसले. माझे मालक देव मानत नाहीत, तरी आले होते. रक्तदाब ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणजे आज तरी तो वाढलेला होता.

"या यादीत माझं नाव नव्हतं," मी म्हटलं. "मला अकरा वर्षं वाटलं, आईनं मला सोडून दिलं. मी इथं यायचं सोडलं होतं, म्हणून. पण ती सुरुवात करायची, आम्ही तुझ्यापुढे आलो आहोत. आणि तुम्हाला माहीत आहे, माझी आई 'आम्ही' कधी म्हणायची."

एवढं म्हणून खाली बसले. पुढचं बोलायची गरज नव्हती. निम्म्या लोकांचे कान तिनं आपण-आम्हीवरून नाहीतर मी-आम्हीवरून कधी ना कधी उपटलेले होते. सगळ्यांना कळलं.

गुरुवार, ७ मार्च

दादा काल संध्याकाळी गेला. जाताना आईची लाल पेनं मागून घेतली. त्याचं ताट धुऊन ठेवलं आणि मग एकीचाच स्वयंपाक केला. एकीचा अंदाज अजून येत नाही. भात उरला.

आज साडेपाचला जाग आली. चहा ठेवला. भांडी आपटली. स्टूल ओढलं, मुद्दाम जोरात. पलीकडे काही नाही. शिट्टी नाही. फळीकडे बघत अर्धा कप संपवला आणि उरलेला घेऊन तिच्या खोलीत गेले. खुर्चीवर बसले. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, तिथं कोणीतरी कुलूप लावत होतं. बाकी कोणी नाही.

मनात म्हणून बघितलं, जमेना. मग मोठ्यानं म्हणायचं ठरवलं. ऐकायला कोणी आहे की नाही, मला माहीत नाही. मी बटण दाबलं एवढंच.

"हे प्रभू, आम्ही" एवढं तोंडातून गेलं, सवयीनं. मग थांबले. मागे वळून दारात बघितलं, फळीकडे बघितलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"हे प्रभू, मी तुझ्यापुढे आले आहे."

व्याकरण बरोबर होतं. ऐकायला मात्र फार एकटं वाटलं. चहाचा कप घट्ट धरून बसले.

मग नावं घेतली. दादा, वहिनी. मुलाचं गणित, मुलीचा खोकला. आत्या. बसचे ड्रायव्हर, त्यांची पाठ. मावशीचे गुडघे, आणि तिचा नवा कान. पाळक. शेजारणीचा कुत्रा, जो आता बरा चालतो, पण सवयीनं घेतला. शेवटी मालक आणि त्यांचा रक्तदाब. यादी संपली, तिची जिथं संपायची तिथंच.

पुढे माझं नाव घालावं का, असं क्षणभर वाटलं. घातलं नाही. मी हजर होते.